गेटवरचा फोटो

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. घरी नाही, खोलीवरच्या मित्रांपाशी नाही, आणि जिच्यापाशी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच. वेळ आली नव्हती असं नाही. पुष्कळदा आली. समोरासमोर बसलेलो असायचो, दोघंच, हातातलं काम थांबलेलं — आणि दर वेळी मी म्हणायचो, चहा मागवू का?

तुम्ही समोर नाही. म्हणून तुम्हाला सांगता येतंय, बहुतेक.

आधी हे सांगतो, म्हणजे गैरसमज नको — मी दुःखात नाही. उलट आमच्या घरात कुणाला मिळालं नव्हतं असं आयुष्य मला मिळालंय. बोईसरजवळ कुंभवलीत आमचा एक गाळा आहे, भाड्याचा. आजूबाजूच्या गाळ्यांत कुणी पाइप वाकवतं, कुणी डबे छापतं. आमच्या गाळ्यात आम्ही कॅमेरे जोडतो. फिल्मचे. हो, फिल्मचेच — रीळ घालायचं, धुवायचं, वाट बघायची आणि मग फोटो पाहायचा, तसले. हे आता घेतं कोण, असं शेजारचा पाइपवाला अजूनही विचारतो. घेतात. हौशी माणसं जगात पुष्कळ आहेत, आणि ती फार प्रेमळ असतात.

आमचा कॅमेरा तुकड्यातुकड्यांचा आहे. पुढे लेन्स, मध्ये डबा, मागे फिल्म बसते ती बॅक. प्रत्येक तुकडा सुटा होतो. कुणाला वेगळी लेन्स हवी तर त्याने तेवढाच भाग बदलावा. कुणाला एक फोटो काळा-पांढरा आणि पुढचा रंगीत हवा, तर त्याने बॅक बदलावी, रीळ संपायची वाट न बघता. आणि आराखडे सगळ्यांना खुले. कुणीही उतरवून घ्यावेत, आपल्या गावातल्या लेथवाल्याकडून हवा तो भाग करून घ्यावा. आम्हाला विचारायचीही गरज नाही.

पैसे उभे राहिले ते लोकांकडून. इंटरनेटवर पेज टाकायचं, व्हिडिओ टाकायचा, ज्यांना कॅमेरा हवा त्यांनी आधीच पैसे भरायचे, पुरेशी माणसं जमली की बनवायला घ्यायचं — क्राउडफंडिंग. बाबांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते भाताचे भारे बांधत होते. नीट ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "म्हंजे वर्गणीच हाय ना ती? मंग पावती कोण फाडतो?"

आमचं घर विक्रमगडच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. पावसावरची थोडी शेती. भात निघाला की आई-बाबा किनाऱ्याकडच्या वाड्यांवर कामाला जायचे, आणि मी आश्रमशाळेत. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी का सांगतोय? कारण म्हणून नाही. मी स्वतःला बजावलंय की या लिखाणात कारण द्यायचं नाही. पण मी कोण ते तुम्हाला माहीत असावं.

आणि आता मयूरी कोण, ते.

मयूरी इंजिनीअरिंगला माझ्या वर्गात. बोईसरची. मी कॉलेजनंतर स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होतो — पासपोर्ट फोटो, आधारचे फोटो, लॅमिनेशन. स्टुडिओच्या मागे एक अंधारी खोली होती, पूर्वी तिथे रीळ धूत, आता फुटक्या फ्रेमा ठेवलेल्या. शेठने ती साफ करायला सांगितली आणि मला तिथे एक बंद पडलेला जुना कॅमेरा मिळाला. मयूरीला दाखवला. तिने तो आठवडाभर स्वतःकडे ठेवला, स्क्रू न् स्क्रू सुटा केला, परत जोडला, आणि म्हणाली की असा कॅमेरा आपल्याला करता येईल, फक्त हा उघडायला जितका त्रास झाला तितका त्रास कुणाला व्हायला नको. आमच्या सगळ्या धंद्याचं मूळ एवढंच. उघडता आला पाहिजे.

काम आपोआप वाटलं गेलं. ती आराखडे काढायची, भाग करून घ्यायची. मी फोटो काढायचो, रीळ धुवायचो, पेजवरचा मजकूर लिहायचो. तिची सगळ्यात लाडकी वस्तू होती बॅक. बॅक नीट झाली तर सगळं झालं, म्हणायची.

त्या बॅकला एक पट्टी असते. पातळ, स्टीलची, खेळायच्या पत्त्याएवढी. तिच्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही, म्हणून सांगतो. बॅक कॅमेऱ्यावरून काढायची असेल तर आधी ती पट्टी फटीतून आत सरकवायची — फिल्मवर झाकण पडतं. मग बॅक काढली तरी उजेड लागत नाही. परत बसवली की पट्टी बाहेर ओढायची, नाहीतर फोटो उमटणारच नाही. बस. लहान मुलालाही जमेल असं काम. बाहेर काढलेली पट्टी ठेवायला कॅमेऱ्यावर तेव्हा जागा केलेली नव्हती. मी ती शर्टाच्या खिशात टाकायचो.

मयूरीचे बाबा, हरेश्वरकाका, तारापूरच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. पत्र्याचे भाग दाबून काढायचं मशीन. आयुष्य त्यांनी त्या एकाच मशीनवर काढलं. माणूस मिश्कील. मला पहिल्यांदा घरी नेलं तेव्हा त्यांनी विचारलं, कोणत्या गावचा. मी सांगितलं. म्हणाले, "तरीच. डोंगरावरची पोरं चढून येतात, आमी किनाऱ्याची मानसं वाहून येतो." आणि मग मला बांगड्याचं कालवण वाढलं, दोनदा, न विचारता.

काका निवृत्त होणार होते. मयूरीच्या मनात आलं की शेवटच्या दिवशी गेटवर त्यांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा फोटो आपल्या कॅमेऱ्याने काढायचा. आपल्या कॅमेऱ्याचा पहिला खरा फोटो. पेजवर सगळ्यात वर तोच लावायचा. आत कॅमेरा न्यायला परवानगी नसते, म्हणून गेटच्या बाहेर, शिफ्ट सुटल्यावर. गणवेश, बूट, पास, सगळं त्याच संध्याकाळी जमा करायचं होतं. म्हणजे गणवेशातले काका त्यानंतर कुणाला दिसणार नव्हते. काकांनी तर आधीच स्टुडिओतून एक फ्रेम निवडून ठेवली होती, सागवानी रंगाची. घरात खिळाही मारून ठेवला होता.

तो दिवस मला आवडतो. अजूनही आवडतो, हे नवल आहे ना?

पहिल्या पाळीची माणसं बाहेर आली. काकांच्या गळ्यात झेंडूचा हार, हातात मिठाईचा बॉक्स. आधी मी त्यांचे एकट्याचे काढले, शिफ्टच्या बसपाशी, पानटपरीपाशी. मग सगळ्यांना रांगेत उभं केलं. काकांच्या शेजारी रामसूरतभाई — शेजारच्या प्रेसवरचे, उत्तर प्रदेशातले. काकांच्या डब्यातला भात इतकी वर्षं अर्धा त्यांनी खाल्लेला. तेही त्याच आठवड्यात नोकरी सोडून कायमचे गावी निघाले होते. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात टाकला आणि काकांनी एकदम मान खाली घातली. मी थांबलो. काकांनी मान वर केली, डोळे पुसले, हसले — आणि मी फोटो घेतला. फोटो काढणाऱ्याला कळतं, हा झाला म्हणून. मला कळलं.

काहींनी गेटवरून परत मिळालेले मोबाइल बाहेर काढले. आणि इथे मी — हे लिहिताना अजून कान गरम होतात — मी हात वर करून म्हणालो, मोबाइल नको, प्लीज. हा फोटो फिल्मवरच असू दे. एकच. मोलाचा. असं काहीतरी भाषण केलं मी. रामसूरतभाई हसून म्हणाले, "एक मोबाइल में भी ले लो भइया. भरोसे के लिए." सगळे हसले, मीही हसलो, आणि मोबाइल खिशात गेले. मोठ्या माणसांनी माझं ऐकलं. कॉलेजचा पोरगा सांगतोय तर असेल काही.

मग मला वाटलं, आता एक रंगीत. हार झेंडूचा आहे ना. मी बॅक काढली, ती खांद्यावरच्या पिशवीच्या झाकणावर ठेवली, उन्हात, आणि दुसरी बसवायला घेतली. तेवढ्यात बसवाल्याने हॉर्न दिला. माणसं पांगली. कुणी बसकडे पळालं, कुणी काकांच्या पाया पडून गेलं. रंगीत फोटो झालाच नाही. काही बिघडत नाही, मी म्हणालो, एक तर झालाय.

संध्याकाळी खोलीवर आलो. शर्ट काढून खुंटीला अडकवला तर खिशात काहीतरी टणक लागलं.

काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल. मलाही हात लागताक्षणी कळलं. मी ते बाहेर काढलंही नाही. तसाच उभा राहिलो, शर्टावर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत रीळ धुतलं तेव्हा मयूरी सोबत होती. मी तिला येऊ नको म्हणायला हवं होतं का? की यायच्या आधीच सांगायला हवं होतं? धुऊन झालं, मी रीळ बाहेर आणलं आणि उलगडून स्टुडिओच्या खिडकीत धरलं. काकांचे एकट्याचे फोटो आलेले. शेवटी जिथे सगळ्यांचा फोटो असायला हवा होता तिथे नुसता काळा चौकोन. निगेटिव्हवर काळं म्हणजे तिथे सगळा उजेड पडून गेला. काही उरलं नाही. ना काका, ना खांद्यावरचा हात.

मयूरीने रीळ माझ्या हातातून घेऊन पुन्हा उजेडात धरलं. मग अगदी हळू म्हणाली, "बॅकमधून उजेड गेला का रे?"

बघा, तिने विचारलं होतं. आरोप नाही, काही नाही. स्वतःच्याच लाडक्या वस्तूबद्दल विचारलं होतं. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "गेला असेल."

एवढंच असतं तर कदाचित हे लिहायची वेळ आली नसती. घाबरलेला माणूस एकदा काहीतरी बोलून जातो. पण पुढे काय झालं ते ऐका.

मयूरीने बॅक उघडली. पट्टीच्या फटीला आतून मखमल लावलेली असते, उजेड अडवायला. ती काढून नवी लावली. बॅकमध्ये रीळ घालून घराच्या गच्चीवर भर उन्हात ठेवलं, आम्ही ते धुतलं — स्वच्छ. उजेडाचा डागही नाही. तिने परत ठेवलं, या कुशीवर, त्या कुशीवर. दर वेळी मी रीळ धुवायचो आणि दर वेळी ते स्वच्छ निघायचं, आणि दर वेळी तिचा चेहरा आणखी उतरायचा. कारण चूक सापडली तर दुरुस्त करता येते. न सापडणाऱ्या चुकीचं काय करायचं? आणि मी शेजारी उभा. मला माहीत होतं की तिथे चूक नाही. मी तिला नसलेली वस्तू शोधू देत होतो.

एकदा तिने सरळ विचारलं. गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून. "जयेश, चिडू नको. पट्टी घातली होतीस ना?"

"घातली होती की," मी म्हणालो. वर थोडा दुखावलोही. हो — दुखावल्याचा चेहरा केला मी. तो चेहरा बघून तिने परत कधी विचारलं नाही. उलट सॉरी म्हणाली.

आणि तरी सगळ्यात वाईट हेही नाही.

सगळ्यात वाईट चिंचणीच्या समुद्रावर घडलं. मयूरीने मला तिथे बोलावलं आणि सांगितलं की ती सोडतेय. आराखडे सगळे देईन, म्हणाली, पण माझ्या भरवशावर लोकांकडून पैसे घेऊ नको. मला न कळलेली चूक त्यात आहे. बाबांचा फोटो गेला तसा दुसऱ्या कुणाचा जाईल. ती रडत नव्हती. शांतपणे, विचार करून आलेली होती. मागे सुरूच्या झाडांत कुणी मुलं क्रिकेट खेळत होती, बॉल आमच्याकडे आला, तिने उचलून परत फेकला.

आणि मी काय केलं? मी तिची समजूत घातली. म्हणालो, चुका होतात गं. माझा तुझ्यावर विश्वास आहे. काकाही विसरलेत. तू स्वतःला माफ कर.

मी तिला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? माझ्या चुकीबद्दल मी तिला माफ केलं. मोठ्या मनाने. आणि ती म्हणाली, "थँक यू रे. दुसरा कुणी असता तर इतकं समजून घेतलं नसतं."

मी ते थँक यू घेतलं. ते अजून माझ्याकडे आहे.

तिथून पुढे सगळं चांगलंच होत गेलं. म्हणूनच हे सांगणं इतकं अवघड आहे. वाईट झालं असतं तर कधीच बाहेर आलं असतं.

मयूरी थांबली. आणि काही दिवसांनी काकांशी बोलता बोलता तिला एक सुचलं. प्रेसवर म्हणे दोन बटणं असतात, डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय मशीन खाली येतच नाही. का? तर हात मशीनखाली राहू नये म्हणून. काका म्हणाले, "मानूस हुशार असला तरी दमतो ना. दमलेल्या मानसाला मशीनने सांभालायला पायजे." मयूरीने लगेच कागद ओढला. पट्टी पूर्ण आत गेल्याशिवाय बॅक कॅमेऱ्यावरून सुटणारच नाही — अशी खीळ. एक स्प्रिंग, एक पिन. पट्टी बाहेर असेल तर हवं तेवढं ओढा, बॅक हलत नाही. शिवाय पट्टी ठेवायला बॅकच्या पाठीवर एक खाच.

म्हणजे माझ्या चुकीचं औषध तिने शोधून काढलं. चूक माझी आहे हे माहीत नसताना. मला म्हणाली, "तू घातली होतीस, माहितीय. पण दुसरा कुणी विसरला तर?"

मग व्हिडिओ. क्राउडफंडिंगच्या पेजवर व्हिडिओ लागतोच, माणसं यंत्राआधी चेहरा बघतात. मी मोबाइल स्टँडवर लावून चित्रण करत होतो. मयूरी गाळ्याच्या दारात उभी. लिहून दिलेलं ती बोलली, आणि मग लिहिलेलं नव्हतं तेही बोलली. म्हणाली, "आमच्या पहिल्या बॅकमधून उजेड आत गेला. निवृत्तीच्या दिवशीचा माझ्या बाबांचा सोबत्यांबरोबरचा एकुलता एक फोटो गेला. चूक माझी होती. म्हणून ही खीळ आहे. तुमचा फोटो जाणार नाही."

तिच्या आवाजात जराही दया नव्हती, स्वतःसाठी. सरळ बघत होती — लेन्समध्ये, म्हणजे माझ्याकडे. त्या क्षणी मी मोबाइलच्या मागून पुढे येऊ शकत होतो. चार पावलं. मी म्हणालो, "छान झालं. परत नको घ्यायला."

लोकांनी तिच्यावर जीव टाकला. खीळ तर आवडलीच, पण त्याहून जास्त तिचं बोलणं आवडलं. स्वतःची चूक सांगणारी माणसं कुठे मिळतात, असं कुठल्या कुठल्या देशांतून लोक लिहायला लागले. सांगलीच्या एका डॉक्टरबाईंनी आराखडा उतरवून घेतला आणि ती खीळ आपल्या जुन्या कॅमेऱ्यावर बसवली. त्यांचं बघून आणखी कुणी. हौशी लोकांत आता त्या खिळीला 'मयूरी खीळ' म्हणतात, परदेशी माणसं तर काहीतरी भलताच उच्चार करतात, आणि मयूरी तो उच्चार मला करून दाखवते आणि हसत सुटते. पुरेशी माणसं जमली त्या दिवशी आम्ही रिक्षा करून काकांना स्टेशनाजवळ मिसळ खायला नेलं. काका रिक्षावाल्याला सांगत होते, माझी पोरगी कॅमेरा बनवते. रिक्षावाला हिंदीत म्हणाला, चाचा, मोबाइल में आता है कैमरा. काकांनी त्याला मिसळ संपेपर्यंत समजावलं. त्यालाही बसवून घेतलं होतं.

मी त्या दिवशी खूश होतो. खोटं नाही सांगत. माणूस एकाच वेळी खूश असू शकतो आणि शर्टाचा खिसा चाचपू शकतो.

आता काका रोज गाळ्यावर येतात. घरी करमत नाही म्हणून आले आणि मग राहिलेच. खिळीची स्प्रिंग तेच बसवतात. चष्मा कपाळावर चढवून ठेवतात आणि मग सगळीकडे चष्मा शोधतात. घरातल्या खिळ्यावर ती सागवानी फ्रेम लागली आहे, तिच्यात बसपाशी उभ्या असलेल्या एकट्या काकांचा फोटो. मी विचारलं होतं एकदा, काका, वाईट वाटतं का हो. म्हणाले, "फोटो गेला त गेला. मी तर हाय ना." पण मग थोड्या वेळाने, स्प्रिंग बसवता बसवता म्हणाले की रामसूरतचा आपल्याकडे एकही फोटो नाय. फोन करतो तो अधूनमधून. आवाज तोच हाय. चेहरा मात्र आता गणवेशाशिवाय कसा दिसत असेल, म्हणाले, डोळ्यांसमोर येत नाय.

आणि गाळ्यात कुणी नवीन आलं की त्यांचा ठरलेला विनोद असतो. खीळ दाखवायची, मयूरीकडे बोट करायचं आणि म्हणायचं, "हिने बापाचा फोटो घालवला, तवा ही खीळ सुचली. तुमी पन एकेक फोटो घालवा, डोकं चालेल." सगळे हसतात. मयूरीही हसते. ती त्या हसण्याला आता सरावली आहे. मीही हसतो, आणि मग — चहा.

कारण द्यायचं नाही असं मी म्हणालो होतो. एक कारण रोज पुढे येतं, तेही सांगून टाकतो, म्हणजे ते खोटं आहे हेही सांगता येईल. ते असं: ज्या किनाऱ्यावरच्या वाड्यांत माझी आई निंदणीला जायची, त्या बाजूच्या माणसांच्या घरात मला पाटावर बसवून जेवायला वाढलं होतं, आणि मी गाफील आहे, बेजबाबदार आहे असं त्यांना वाटलं असतं तर? पण त्या घरात मला कधी कुणी कमी लेखून वागवलंच नाही. चूक सांगितली असती तर काकांनी एक शिवी दिली असती आणि कालवण वाढलं असतं. मला हे तेव्हाही माहीत होतं. मग घाबरलो कशाला? मला चांगलं दिसायचं होतं. एवढंच आहे ते. त्याखाली दुसरं काही सापडत नाही, मी शोधलंय.

हे आताच का लिहिलं? पालघरच्या एका कॉलेजने मयूरीला बोलावलंय. पहिल्या वर्षाच्या मुलांशी बोलायला — त्यांच्यातही पुष्कळ मुलं घरातली पहिलीच असतील. काय बोलणार, मी विचारलं. ती म्हणाली, बॅकची चूक सांगणार. मुलांना कळू दे, चूक कबूल केली की पुढे काय काय होतं. तू पुढच्या रांगेत बस, म्हणाली, मला धीर येतो.

ती तिथे उभी राहणार, मान ताठ, आणि मनापासून एक खोटी गोष्ट सांगणार. तिची नसलेली चूक. आणि मी पुढच्या रांगेत.

नाही.

कार्यक्रमाआधी हे कागद तिच्या हातात असतील. काकांना तीच वाचून दाखवेल, त्यांचा चष्मा तोवर सापडलेला नसणार. म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हा त्या दोघांना कळलेलं आहे. तिने त्या मुलांना काय सांगितलं, मी कुठल्या रांगेत होतो, होतो की नव्हतो, गाळ्याची किल्ली आता कुणाकडे असते — हे मी खाली जोडणार नाही. ते सांगायचं की नाही, हे तिने ठरवायचं.

माझ्याकडचं एवढंच. बॅक चांगली होती. पहिल्या दिवसापासून चांगली होती. पट्टी माझ्या खिशात होती.